मेंढीच्या डोक्याचा मान

चिरंजीव शारशेन यास थोरली बहीण बुरुलकान हिच्याकडून गालावर दोन मुके आणि पाठीत एक धपाटा. (बिश्केकहून माझ्या पंच्याहत्तरीला आला नाहीस, त्याचा धपाटा.) गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे.

तर त्या दिवसाची हकिगत ऐक. गावच्या कचेरीने फर्मान काढलं होतं: श्रीमंत-गरीब समान दिसावेत म्हणून यापुढे कुठल्याही जेवणावळीला एकच मेंढी, पन्नास पाहुणे आणि तीन तास. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी आता माझी मेंढीही मोजायची! नदीवरचा पूल दोन वर्षं मोडून पडलाय तो यांना दिसत नाही, माझी कढई तेवढी दिसते. सरकारने पूल बांधावा, चोर धरावा, आणि माझ्या घरात यायचं तर जोडे काढून यावं. हे मी कचेरीत जाऊन तोंडावर सांगितलं. तिथला कारकून नुर्दीन (अंगाने धिप्पाड, मनाने ससा) म्हणाला, "आजी, मी मोजायला येणार." ये म्हटलं.

आला. मी दारातच अडवला. आत पन्नास माणसं, हा एक्कावन्नावा. नियम मोडेन कशी? बिचारा कुंपणाबाहेरून माना मोजत राहिला. चहा दिला, पण काठोकाठ भरून. (आईची शिकवण आठवते ना? ज्याने बसावंसं वाटतं त्याचं वाडगं अर्धंच भरायचं, ज्याने निघावं त्याचं काठोकाठ.) मेला पिऊन तिथेच उभा.

मग मेंढीचं डोकं आलं. माझ्या धाकट्या दिराने, कासिमालीने, सवयीने हात पुढे केला. एकाहत्तर वर्षांचं पोर ते! "वहिनी, डोकं वडीलधाऱ्या पुरुषाचं असतं." मी ताट ओढून घेतलं. म्हटलं, गावात सगळ्यांत थोरली मी, आणि सरकारच सांगतंय ना सगळे समान? (एवढ्या एका बाबतीत माझं सरकारशी जमलं.) तो कुंपणाकडे वळून ओरडला, "अरे नुर्दीन, सांग की हिला काहीतरी!" नुर्दीनने कागद उलटसुलट करून पाहिला. "डोक्याबद्दल काही लिहिलेलं नाही." जे लिहिलेलं नाही ते माझं, असं म्हणून मी सुरी घेतली, कान कापून नातीला दिला आणि उभी राहून जाहीर केलं, या घरात कुणी काय खायचं आणि कुठे बसायचं ते कचेरी ठरवणार नाही आणि दाढ्याही ठरवणार नाहीत. ज्याला जिथे बसायचंय तिथे बसा! टाळ्या पडल्या. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

तुझी, कुणाच्या बापाला न भिणारी,
बुरुलकान

ता. क. टाळ्या थांबल्या तशी माझ्या सुनेने, अकरा वर्षं दाराशी बसून चहा ओतणाऱ्या अनारकुलने, किटली खाली ठेवली आणि सरळ माझ्या शेजारी मानाच्या गादीवर येऊन बसली. "आई, तुम्हीच म्हणालात ना." कानामागून आली आणि तिखट झाली! आठवडा झाला, रोज तिथेच बसते. तू ये आणि तिला समजाव. एवढं लांबलचक पत्र त्यासाठीच.

पुन्हा ता. क. येऊ नकोस. आज चहा मी ओतला, आणि रागाने तिचं वाडगं काठोकाठ भरलं. तिने सावकाश संपवलं आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवून पुन्हा पुढे केलं. मी अर्धंच भरलं. शहरातून एक जाड गादी पाठव. एकीवर आम्ही दोघी मावत नाही.