तांब्याच्या गळ्यात गजरा

शनिवार, दिवेलागण

उद्या वैशूचं रिसेप्शन. माझ्या भावाची, अण्णाची ही एकुलती पोर. हॉलवाल्याची टेबलसजावट झेपणारी नव्हती, तेव्हा "मी करते" असं मीच बोलून बसले. बेळगावची सासरची माणसं नाकं मुरडतील काय, ही धास्ती वैशूला. तिच्यापेक्षा मला जास्त.

गल्लीतनं पितळी तांबे गोळा केले, चिंचेनं घासून लखलखीत केले. दुपारी हॉलवर एका टेबलावर मांडून बघितलं: पांढरी चादर, तिच्यावर तांब्या, तांब्यात शेवंती. साधंच, पण डोळ्याला गार वाटलं. तेवढ्यात अण्णा घामाघूम होऊन आला, फुलं काढून बाजूला ठेवली आणि तांब्या तोंडाला लावला!

"अण्णा, ती सजावट हाय!" वैशू ओरडली.

"व्हय? तरीच पाण्याला शेवंतीचा वास येतोय लई."

मला हसू आलं, तिला नाही. "आत्या, उद्या माझ्या सासऱ्यांनी असंच केलं म्हणजे?" डोळे भरलेच तिचे.

चूक कुणाची? आपल्यात जेवणाच्या टेबलावर तांब्या दिसला की हात जाणारच. मग मीच बेत बदलला. तांब्यात प्यायचं पाणी, वर पेला पालथा आणि शेवंतीचा गजरा ओवून तांब्याच्या गळ्यात.

वैशू लांबनं बघत राहिली. मग जवळ येऊन म्हणाली, "आत्या, दुसरी सुई हाय काय?"

आता एकच शंका. उद्या विहीणबाईंनी तांब्याचा गजरा काढून केसात माळला तर? माळू दे. शोभेल त्यांना.