जुनं लोखंड, किंमत पाच पौंड

नाहूर, ८ जानेवारी २०२५

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहितो.

तू पाठवलेला मॅग्नेटो मुंबईत पोचला, पण कस्टममध्ये अडकलाय. खोक्यावर तू लिहिलंस, ‘जुनं लोखंड, भेट, किंमत पाच पौंड’. अगं, आपल्या थोरल्या भाऊच्या मोटारसायकलला ठिणगी देणारा अस्सल इंग्रजी मॅग्नेटो, आणि जुनं लोखंड? कुरियरच्या एजंटाने खरी किंमत विचारली. मी तुझं मूळ बिल दिलं, वर तीन पानी टिपण जोडलं, कुठला भाग पितळेचा, कुठला तांब्याचा. तो म्हणाला, काका, एवढं कुणी विचारलं होतं?

आता पूर्ण किमतीवर ड्युटी, ड्युटीवर कर, खोटी किंमत लिहिल्याचा दंड आणि रोजचं गोदामभाडं. सगळं मिळून मॅग्नेटोपेक्षा जास्त. दंड मी भरणार नाही. खोटं तू लिहिलंस, मी नाही. तसा अर्ज केलाय.

भाऊला धाप फार लागते. डॉक्टर आता तपासणीच्या पुढच्या तारखा देत नाहीत. त्याचं एकच म्हणणं: गाडीवर मागे बसव आणि मार्व्याच्या बोटीने एकदा मनोरीला ने. वहिनीला त्याने तिथूनच या गाडीवर आणलं होतं ना.

तुझी माया आहेच, ती खोक्यावर कमी लिहू नकोस.
तुझा,
चंद्रप्रकाशदादा

लेस्टर, २० जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा खर्च वाचावा म्हणून मी पाच पौंड लिहिले, आणि तू तीन पानं लिहून दंड ओढवून घेतलास. झकास! दुकानदारानेसुद्धा त्या मॅग्नेटोचं एवढं कौतुक केलं नव्हतं रे.

वहिनी म्हणाली, भाऊ आता बाल्कनीतही येत नाही. तुझा अर्ज बरोबरच असणार, तू चुकीचं लिहितोस कधी? पण निकाल लागेपर्यंत भाऊ थांबेल का? दंड भरून टाक. अर्धा माझा, आणि यावर मला दोन पानी उत्तर नकोय.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
सुगंधा

नाहूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

दंड भरला. पावतीवर माझं नाव चुकीचं छापलंय. दुरुस्त करून घ्यायला थांबलो नाही.

मॅग्नेटो बसला, पण तोवर भाऊला ऑक्सिजन लागला होता. मनोरी राहिली. मग गाडी ढकलत त्याच्या खिडकीखाली आणली, वहिनीने खिडकी उघडली, मी किक मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर धूर बघून तणतणत आले, वर खिडकीकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

थोड्या वेळाने वहिनीने वरून हाक मारली. म्हणाली, भाऊजी, हे म्हणतायत इंजिनातलं टॅपेट वाजतंय, चंदूला कान नाहीत का?

गेले चार दिवस त्याने कुणाशी शब्द काढला नव्हता.

टॅपेट वाजत नव्हतं, सुगंधा. मी स्वतः गेज लावून बसवलं होतं. गाडी बंद केली, खाली बसलो आणि पाना नुसताच इंजिनावर वाजवत राहिलो, वर ऐकू जाईल असा. मग पुन्हा किक मारली. वरून निरोप आला, आता कसं!

हे त्याला कधी कळू देऊ नकोस.

आपल्यातली ओढ अशीच राहू दे.
तुझा,
चंद्रप्रकाशदादा