रामनगरच्या खोलीवरची पाटी

वैनी,

नर्सबाईंना बसायला रामनगरच्या बाजारातली आपली खोली मिळाली. कुणी दिली ते ठाऊक न्हाई. आपल्या घरातून तर कुणीच दिली न्हाई, आणि ही चिठ्ठीही तुला मिळालेली न्हाई. आबा तांदळाच्या डब्यात कधी हात घालत न्हाईत, म्हणून इथं ठेवली.

आबांनी ती खोली इलेक्शनसाठी उमेदवारांना दिली होती. मी उमेदवारांना म्हटलं, "साहेब, अर्धी खोली कुटुंब नियोजनाला द्या, पाटीवर देणगीदार म्हणून तुमचं नाव घालतो." ते म्हणाले, "अक्षर मोठं काढ." त्यांना अकरा लेकरं हायत, पण पाटी त्यांनी नावापलीकडं वाचली न्हाई. आबा तर काल पाटीला नमस्कार करून आले.

आता शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या बाजारादेखत बसायला नको. खोलीला आतून कडी हाय. सहावं बाळंतपण तुला झेपायचं न्हाई, असं डॉक्टरीण म्हणाली ते दादा विसरला न्हाई. शुक्रवारी नर्सबाई येतात, तेव्हा तोच गाडी जुंपणार हाय. आबांनी विचारलं तर "भाषण ऐकायला जाते" म्हण.

मी प्रचाराला गणेशगुडीला चाललोय, गुरुवारी येतो. शुक्रवारी पाची पोरं माझ्याकडं. संध्याकाळी मोजून घे.

आबांच्या नावानं एक अर्जही लिहिलाय, तो त्यांना देऊ नकोस: सहावा नातू हवा असल्यास अर्जदारांनी तो नऊ महिने स्वतःच्या पोटात वागवावा, व गावचे हिशेबनीस शानभोग यांचा तसा दाखला सहीशिक्क्यासह जोडावा, ही नम्र विनंती.

परशा