साहेब आपल्या घरी निघाले, एकदाचे

शनिवार पेठ, पुणे
गुरुवार, २२ मे २००३

चिरंजीव रणजितराव यांस शनिवार पेठेतून बाबुरावाचे अनेक आशीर्वाद, आणि सौ. रुपालीस त्याहून एक जास्त, कारण ती आमची आहे.

पत्र लिहिण्यास कारण काहीही नाही. जावयाला कारणाशिवाय पत्र लिहावं, कारण काढून लिहू नये, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. (माझ्या वडिलांनी जावयाकडून उभ्या जन्मात पेलाभर पाण्याखेरीज काही मागितलं नाही, आणि तो पेलाही परत विसळून ठेवला.) तुमच्या लग्नाला सात वर्षं होत आली, एवढ्या काळात मी तुमच्याकडे काही मागितल्याचं आठवत असेल तर कळवावं. तुमच्या सासूबाईंचा गुडघा जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत ठीक असतो, पुढे आमचं घर आहे. माझी प्रकृती डॉक्टरांना जितकी हवी आहे तितकी वाईट नाही. आयोवातला बर्फ आता तरी वितळला असेल, असं धरून चालतो.

आता सहज म्हणून एक बातमी. हॅगनसाहेब कायमचे परत चालले आहेत. तुम्ही त्यांना लग्नात पाहिलंत: पंगतीत धोतर नेसून मठ्ठा वाढणारे ते साडेसहा फुटी गोरे गृहस्थ. तुमच्या मावशींना ‘दमानं जेवा, कोन मागं लागलंय’ असं सांगणाऱ्या त्यांच्या पत्नी लोईसबाई. पासष्ट साली हे जोडपं अमेरिकेतून मिशनरी म्हणून पुण्यात उतरलं, तेव्हा मिशनने साहेबांना मराठी शिकवायला मला नेमलं. दर गुरुवारी चार वाजता, दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी साहेब परीक्षा पास झाले. पण आता येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि माणसाला स्वतःहून कळायला हवं ते त्यांना कधी कळलं नाही. शिकवण्याची माझी पद्धत म्हणजे क्रमिक पुस्तक नाही, माझा पत्रव्यवहार. मी लिहिलेलं पत्र मोठ्याने वाचायचं, न कळलेला शब्द साहेबांनी वहीत टिपायचा, मग पत्र पेटीत. अडतीस वर्षांत या घरातून एकही पत्र त्यांना वाचून दाखवल्याशिवाय गेलेलं नाही. घरमालकाशी झालेला दावा, महापालिकेला पाठवलेले अर्ज, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. (तुमचं स्थळ आलं तेव्हा मी माझ्या थोरल्या बहिणीला तुमच्या नाकाविषयी जे लिहिलं होतं, तेही त्यांनी ऐकलंय. कधी भेटले तर विचारू नका, ते सांगतील.)

अडतीस वर्षांत या माणसाने केलं काय, असा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. लष्कर भागात मिशनच्या आवारात सुतारकामाची शाळा चालवली. तिथे तयार झालेली एक खुर्ची आमच्याकडे आहे, तिचा चौथा पाय अजून जमिनीला लागायचा आहे. धर्माविषयी त्यांनी माझ्याशी एक अक्षरही काढलं नाही. मी इतकी वर्षं उत्तरं तयार ठेवून बसलो, आणि या गृहस्थांनी प्रश्नच टाकला नाही. मी त्यांना सुधारण्यापलीकडचा वाटलो असणार. हा अपमान मी गिळला आहे, विसरलेलो नाही. लोईसबाई लोणी काळभोरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथल्या बायाबापड्यांत राहून त्यांची मराठी जी बिघडली ती बिघडलीच. नवरा पेठेतलं बोलतो आणि बायको सोलापूर रस्त्यावरचं, त्यामुळे त्यांच्या घरी एकाच वाक्याला ‘आहे’ आणि ‘हाय’ असे दोन्ही शेवट ऐकू येतात. दर पाच वर्षांनी हे लोक रजेवर अमेरिकेत जात आणि परत आले की मिशनने दिलेल्या बंगल्यावर न जाता आधी आमच्या दारात उभे राहत. तुमच्या सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकत, आणि तोवर साहेब चौकटीखाली मान वाकवून बैलासारखे उभे. शेजारपाजारचे लोक गॅलरीतून बघत. लांबून घरी आलेल्या माणसावरून ओवाळतात हे ठीक. पण हे लोक घरून आले होते की घरी आले होते, याचा निकाल कोणीच लावला नाही.

तो निकाल आता अमेरिकेतल्या मिशनच्या कचेरीने लावला. सत्तरी ओलांडलेल्यांनी मायदेशी परतावं, असा नियम आहे म्हणे. साहेब बहात्तरचे, बाई सत्तरच्या. बंगला रिकामा व्हायच्या आत फाटकावर बारा मजली इमारतीचं चित्र लागलंसुद्धा, त्यात झाडांखाली गोरी माणसं फिरताना दाखवली आहेत. खरी गोरी माणसं आतमध्ये खोकी बांधत होती, ती चित्रकाराला दिसली नसावीत. साहेबांनी आपल्या गावच्या चर्चला पत्र टाकलं, ते पिवळी चिठ्ठी चिकटून परत आलं; तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. चुलतभावाला टाकलं, तर कळलं की तो दोन वर्षांपूर्वीच वारला. मूलबाळ नाही. निवृत्त मिशनऱ्यांच्या कुठल्याशा आश्रमात एक खोली मिळाली आहे, तिथे ओळखीचं एकही माणूस नाही. मी विचारलं, उतरवून घ्यायला कोण येणार? तर म्हणाले, टॅक्सी असते. अडतीस वर्षं इतरांच्या घरच्या बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे हजर राहणारा माणूस, आणि स्वतःसाठी काय जमवलं, तर टॅक्सी. येत्या १४ जूनला, शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शिकागोहून येणाऱ्या विमानाने ते तुमच्याच गावच्या विमानतळावर उतरतील. हे मी केवळ माहितीसाठी लिहिलं आहे.

मायदेशी जाण्याची तयारी कशी चालली आहे तेही ऐका. आमच्या समोरचा योगेश हिंजवडीला कॉल सेंटरमध्ये असतो. (घरी योगेश, तिथे जेसन. त्याच्या आईने चुकून जेसन म्हणून हाक मारली तर लगेच ओ देतो.) त्यांच्याकडे पोरांना अमेरिकन उच्चार शिकवायला माणूस हवा होता. योगेशने साहेबांचं नाव सुचवलं, आणि साहेब चक्क टाय लावून मुलाखतीला गेले. पंचविशीतल्या तीन मुलींनी त्यांना अर्धा तास बोलायला लावलं, टेपवर घेतलं, कानाला यंत्रं लावून ऐकलं, आणि नम्रपणे सांगितलं की उच्चार अमेरिकन वाटत नाहीत. साहेबांनी पासपोर्ट दाखवला. त्या म्हणाल्या, पासपोर्टाबद्दल शंका नाही. आता योगेश रोज सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांची शिकवणी घेतो, आणि हे बहात्तर वर्षांचे अमेरिकन गृहस्थ ‘वॉटर’ हा शब्द घोकत बसतात. तिकडे गेल्यावर पाणी मागताना लोकांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्याकडे फुकट घालवलीत ती वर्षं याच कामी लावली असतीत तर आज पाणी मिळालं असतं.

गेल्या रविवारी मिशनच्या हॉलमध्ये निरोप समारंभ झाला. साडेतीन तास. नऊ शाली, अकरा नारळ आणि शनिवारवाड्याचं काचेच्या फ्रेममधलं एवढं मोठं चित्र, जे विमानात बसणार नाही हे देणाऱ्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं. प्रत्येक वक्ता आधी रडला आणि मग आपण साहेबांचे किती जवळचे होतो ते सांगून गेला. साहेबांचं नाव दोघांनी चुकीचं घेतलं. अध्यक्ष म्हणाले की मायदेशी परतण्याचा त्यांचा आनंद आपण समजू शकतो. साहेब उत्तराला उठले, चहा गार होतो आहे एवढंच बोलून बसले. हे मात्र मी शिकवलेलं. लोईसबाई उभ्या राहिल्या, ‘तिकडं आता आमचं कोन हाय’ म्हणाल्या आणि पुढे त्यांना वाक्यच सापडेना. तेवढ्यात लोणीच्या सोजरबाई (दवाखान्यात तीस वर्षं बाईंच्या हाताखाली होत्या) तरातरा स्टेजवर चढल्या आणि पदराखालून दगडी वरवंटा काढून बाईंच्या हातात दिला. ‘बाई, पाटा जड व्हता म्हनून ह्योच आनला. तिकडं चटनी कशावं वाटशीला?’ त्यावर हॉलमधल्या सगळ्या बायका जे रडायला लागल्या ते चहा संपेपर्यंत. मलाही बोलायला दोन मिनिटं दिली होती. मी एकच घेतलं, घसा बसला. हल्ली सगळीकडे रस्ते खणलेत, धूळ फार असते.

सामानाचा विषय काढू नये, पण काढतो. माणशी दोन बॅगा, बत्तीस किलोंपर्यंत. वजन करायला साहेब आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे आले. अडतीस वर्षांची मराठी प्रवचनं एका बॅगेत आणि बाईंचा गोडा मसाला, मेतकूट, मंडईतून घेतलेले दोन खलबत्ते आणि तो वरवंटा दुसरीत. काहीतरी काढावं लागणार होतं. साहेबांनी वरवंट्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि प्रवचनं काढून तिथल्या तिथे रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवली. तेव्हापासून शनिवार पेठेत खारे दाणे साहेबांच्या अक्षरातल्या पुड्यांतून मिळताहेत. मी चार पुड्या आणल्या. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, याचं श्रेय कोणाचं ते सांगायला नको. दाणे मात्र खवट निघाले.

असो. अशी ही माणसं. वेळेवर उठून जाणं यांना जमलं नाही, आणि आता जाताहेत तेही दुसऱ्याने सांगितलं म्हणून. मला दर गुरुवारी चार वाजता मोकळीक मिळेल, आणि इतकी वर्षं यांच्यापायी जी दुपारची झोप बुडाली तिची भरपाई करायचा माझा विचार आहे. वाकडी खुर्चीही आता काढून टाकीन म्हणतो. बाकी सर्व ठीक. रुपालीस सांगावं की लोणच्याला ओला चमचा लावू नये.

आपला,
बाबुराव

ता.क. वर सासऱ्याच्या रीतीविषयी जे लिहिलं ते खरं आहे. आज ती मोडतो. रणजितराव, १४ तारखेला तुम्ही दोघं विमानतळावर जा. तिथे त्यांच्यासाठी कोणी उभं नसेल. साहेब इकडेतिकडे बघणार नाहीत, मानी माणूस आहे. पण बाई बघतील. रुपालीला साडी नेसायला सांगा, म्हणजे गर्दीत लांबून दिसेल. आम्ही जायला सांगितल्याचं बोलू नका. कोणा मित्राला घ्यायला आलो होतो असं काहीतरी सांगा. टॅक्सीचं ते बोलतील, तिकडे लक्ष देऊ नका, सरळ बॅगा उचला. एकीत वरवंटा आहे, जपून.

ता.क. दोन. तुमच्या सासूबाई म्हणतात, त्या आश्रमात पाठवण्याआधी निदान आठ दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या, आणि दारात रुपालीने भाकरतुकडा ओवाळून टाकावा. भाकरी नसली तर ब्रेड चालेल, असं त्यांनीच सांगितलं आहे. तुमचा दरवाजा उंच असला तरी साहेब मान वाकवतील, सवय आहे, हसू नका. आणि गुरुवारी चारच्या सुमारास तुम्हाला किंवा रुपालीला वेळ असेल, तर जवळ बसून त्यांना काहीतरी वाचून दाखवा. काहीही चालेल. आमचं जुनं पत्रसुद्धा.

ता.क. तीन. हे पत्र सहीपर्यंत मी आज चार वाजता साहेबांना रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. तुमच्या नाकापाशी हसले. बैलापाशीही हसले. वही समोर उघडी होती, पण आज एकही शब्द टिपला नाही. मग नेहमीसारखं पत्र पेटीत टाकायला म्हणून माझ्याकडे हात पुढे केला. मी म्हटलं, पाकिटाला डिंक लावायचा आहे, उद्या टाकीन. वरचे दोन ताजा कलम ते गेल्यावर लिहिले आहेत. इतक्या वर्षांत त्यांना न ऐकवलेलं एवढंच. तेव्हा ते तुमच्या घरी असतील तोवर हे पत्र कपाटात, कुलपात ठेवा. मराठी त्यांना उत्तम वाचता येते, माझ्यामुळे.