वीस पावलं

प्रितम,

त्या पॅलिएटिव्ह केअरच्या, पेशंटचं दुखनं हलकं कराच्या ट्रेनिंगले आजही भंडाऱ्याले चालली, सांजेले येईन. आज बाबाले चालवू नको. रोज वीस पावलं चालवाच, असं मीच सांगितलं होतं, मोठी फिजिओथेरपिस्ट! ते चुकलं. बाबा आता बरे होनार नाहीत, हे तुलेही मालूम आहे.

खुर्चीत बसवून, पाठीले उशी देऊन वावराच्या धुऱ्यावर ने. बाया धान लावतेत, त्याईले तो रोवणा पाहाचा आहे. पेज झोपवून पाजू नको, ठसका लागते.

तुमाले काय पायजे, असं आधी विचाराचं, हे ट्रेनिंगमधी शिकली. काल पयल्यांदा बाबाले विचारलं. रोवण्याचं सांगितलं, मंग हळूच म्हनाले, "नाही चाललो तं रागावशील का, गुड्डी?"

इतके दिवस ते माह्या धाकानं चालत होते रे.

गुड्डीताई