लाल धाग्याचे दोन बेल्ट

बाबा, आज रविवार आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आपल्या सेफ्टीच्या सामानाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली करून मी तुमच्याच टेबलाशी लिहीत बसली आहे. टेबल तेच आहे, वरची काच तेवढी बदलली. तुम्हाले जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाले पाहिलेले गिऱ्हाईक आता बोटांवर मोजण्याइतके उरले. पण काल एक गोष्ट झाली आणि ती मले तुमच्याशिवाय कोणाले सांगता येत नाही. काल नव्या रायपुरात कारखान्यांच्या सेफ्टीची कॉन्फरन्स होती. आपला स्टॉल होता, दरवर्षी असतो. दुपारी त्यांनी मले मंचावर बोलावून हातात माइक दिला. म्हणाले, दीदी, उंचीवर चढताना घालायचा डेमोचा सेफ्टी बेल्ट सगळ्यांसमोर कात्रीने कापून टाकायची तुमची ही पद्धत कुठून आली ते सांगा. मी सिलतऱ्याच्या कारखान्याची गोष्ट सांगितली, तुम्ही स्कूटरवर कसे गेले, बेल्ट कसा परत आणला. लोकं ऐकत राहिले, टाळ्या पडल्या, एका म्हाताऱ्या सेफ्टी ऑफिसरनं डोळे पुसले. पण मी एक बेल्ट सांगितला, बाबा. बेल्ट दोन होते. हे मी कधीच कोणाले सांगितलं नाही, तुम्हालेही नाही.

तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपातली स्टोअरकीपरची नोकरी मुदतीआधीच सोडून हे दुकान टाकलं, तेव्हा राज्य नवंनवं होतं. सिलतऱ्याकडे एकेक चिमणी उभी राहून राहिली होती. आई म्हणे, "लोकं स्कूटरवर हेल्मेट घालत नाहीत, कारखान्यात कोण घालते? हे नाही ते खूळ काहून?" पण वर्कशॉपात एक माणूस छपरावरून पडलेला तुम्ही पाहिला होता, आणि त्याच्या कमरेचा पट्टा तुमच्याच स्टोअरमधून गेलेला होता. हे मले आईनंच सांगितलं, तुम्ही नाही. तुम्ही फक्त मोठ्यानं बोलत. मशिनीच्या आवाजावरून ओरडायची सवय लागलेला तुमचा गळा घरातही तसाच चाले. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात ऐकू जाई. मले लहानपणी वाटे, बाबा सारखे चिडलेलेच असतात. बरेचदा चिडलेले असतही, खोटं कायले बोलू.

कॉन्फरन्समध्ये बाकीचे लोक पुतळ्याले बेल्ट घालून तो उभा करत. तुम्हाले पुतळ्याचा राग. "पुतळा पडला तर त्याची बायको रडते काय?" असं म्हणून तुम्ही भनपुरीच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट बनवून घेतली, इस्त्रीच्या शर्टावर स्वतः बेल्ट चढवला, स्टुलावर उभे राहिले आणि स्टूल पायानं उडवून दिलं. झटका बसला, चौकट करकरली, आणि तुम्ही जमिनीपासून दीड हात वर लटकत, दोन्ही हात मोकळे सोडून म्हणाले, "हां भैया, अब पूछो, क्या पूछना है." लोकं हसत, "अंकल, उतरो अब!" तुम्ही उतरत नसत. पाच मिनिटं लटकूनच बेल्टची माहिती देत. मले तेव्हा लाज वाटे. मैत्रिणींचे बाप ऑफिसात बसत, माझा बाप हॉलच्या मधोमध टांगलेला.

असा झटका खाल्लेला बेल्ट तुम्ही विकत नव्हते. दिसायले नवाकोरा, पण आतला दोरा कुठं तुटला ते कोणाले कळत नाही. म्हणून तुम्ही त्याच्या कडीले लाल धागा बांधून ठेवत. आणि धागा कोणता? तर पूजेच्या पेटीतला, कारण स्टॉलवर तोच हाताशी असे. आई प्रत्येक कॉन्फरन्सच्या पहिल्या दिवशी सकाळी यायची, नारळ फोडायची, हळदकुंकू लावायची आणि चौकटीले, हेल्मेटले, बुटाले, जे समोर दिसेल त्याले तोच लाल धागा बांधून जायची. मग विकताना पूजेचा धागा सोडायचा, कपाळाले लावायचा आणि माल द्यायचा, अशी आपली रीत. पूजेचा धागा लाल, आणि विकू नये त्याचा धागाही लाल. एवढे हुशार तुम्ही, न् इतक्या वर्षांत ही गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही. माझ्याही आली नाही.

त्या दिवशी मी तेवीस वर्षांची आहे. तुम्ही आतल्या हॉलमध्ये कोणाचं तरी भाषण ऐकायले गेले आहात आणि स्टॉलवर मी एकटी. सिलतऱ्याच्या एका कारखान्याचा सुपरवायझर घाईघाईनं येते. चिमणीचं काम चालू आहे, वर चढायले दोन बेल्ट आत्ताच्या आत्ता पाहिजेत, जीप बाहेर उभी आहे. विकायचा माल सकाळीच संपला. एक बेल्ट चौकटीवर टांगलेला दिसते, एक टेबलाखालच्या पेटीत सापडते. दोघांच्याही कडीले लाल धागा. मी धागे सोडते, कपाळाले लावते, मोठ्या तोऱ्यात बेल्ट त्याच्या हातात देते. तो "थैंक यू दीदी" म्हणून पळते. मले वाटते, बाबा खूश होतील, पोट्टीनं एकटीनं गिऱ्हाईक सांभाळलं.

तुम्ही आले, चौकट रिकामी पाहिली. "इथला बेल्ट कुठं आहे?" मी सांगितलं. तुम्ही विचारलं, "त्याले धागा होता ना?" मी म्हटलं, पूजेचा होता, मी सोडला. आणि मग तुम्ही ओरडले. "अवो, तुटलेलं डोळ्याले दिसत असतं तर धागा कायले बांधला असता मी?" अख्खा हॉल वळला. बाजूच्या स्टॉलवरचा आग विझवायच्या सिलिंडरवाला हातातला चहा तसाच धरून पाहत राहिला. तुम्ही स्कूटरची किल्ली उचलली आणि जाता जाता विचारलं, "एकच ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

काहून हलवली, ते मी इतकी वर्षं स्वतःले विचारून राहिली. भीती होतीच. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. चारचौघांत मले असं बोलले, आता दोन सांगितले तर अजून बोलतील, असं वाटलं. पेटीतला बेल्ट तर नुसता ठेवलेलाच होता, त्याचा धागा खरंच पूजेचा असेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे आदल्या दिवशी त्याच बेल्टमध्ये एक जाडजूड गिऱ्हाईक हौसेनं लटकलं होतं आणि ते हसणं मी स्वतः ऐकलं होतं.

तुम्ही दोन तासांनी आले. शर्ट घामानं चिकटलेला, केसांत सिलतऱ्याची काळी धूळ. माणूस बेल्ट चढवून शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा होता म्हणे, तुम्ही त्याले हाताले धरून खाली उतरवलं. आईची शिवणकामाची कात्री पूजेच्या पेटीत होती, ती घेऊन तुम्ही सगळ्यांसमोर बेल्टचे चार तुकडे केले. कालच्या लोकांले मी इथपर्यंतच सांगितलं. टाळ्या इथंच पडल्या.

पुढचे दोन दिवस मी जेवली नाही. आई म्हणे, बापाचं बोलणं मनाले लावून घेतलं पोट्टीनं. तुम्ही एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं. मले डोळे मिटले की चिमणी दिसे आणि तिच्यावर तोंड नसलेला एक माणूस. तरी मी सांगितलं नाही, बाबा. ओरडणं मी खाल्लं असतं, पण "हो" म्हणून मान हलवली ती परत कशी घ्यायची, हे कळत नव्हतं. तिकडे माणूस वर चढते आहे आणि मी इकडे माझी मान सांभाळून राहिली! आजही हे लिहिताना माझीच मले शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीकडे जाते सांगून निघाली. भनपुरीपर्यंत बस, तिथून टेम्पो. कारखान्याच्या फाटकावर उतरली. चौकीदार म्हातारा होता. त्याले म्हटलं, भैया, तीन दिन पहले यहाँ दो बेल्ट आए थे, उसमें का एक खराब है, किसी को चढ़ने मत देना. तो म्हणाला, "हव नोनी, काली एक झन सियान आय रिहिस स्कूटर मा. जुन्ना पट्टा ला ले गे, नवा दे गे."

म्हणजे, हो पोरी, काल एक म्हातारे स्कूटरवर आले होते. जुना पट्टा घेऊन गेले, नवा देऊन गेले.

मी तिथं फाटकाबाहेरच्या दगडावर बसली आणि खूप रडली. चौकीदारानं पाणी दिलं. माणूस वाचला म्हणून रडली, की तुम्हाले सगळं कळलं म्हणून, ते तेव्हाही समजलं नाही. स्टॉल आवरताना तुम्ही टेबलाखालची पेटी उघडली असेल, बेल्ट दिसला नसेल. विचारलं तरी पोट्टी खरं सांगेल याचा भरवसा तुम्हाले उरला नसेल, म्हणून मले न विचारताच सकाळी उठून गेले असाल. परत येताना मी भनपुरीच्या आपल्या गोदामात डोकावली. कचऱ्याच्या डब्यात बेल्टचे तुकडे होते, एकावर अजून कारखान्याची ताजी काळी धूळ. मी ते वरच्या पुठ्ठ्यानं झाकून घरी आली. तुम्ही ओसरीत पेपर वाचत होते. मले वाटलं, आता बोलतील. तुम्ही म्हणाले, "आली काय? जेवून घे." आणि मी जेवली, पोटभर.

त्यानंतर तुम्ही मले कधीच त्यावरून बोलले नाही. धागा मात्र बंद झाला. डेमो झाला की बेल्ट तिथंच कापायचा, हे तुम्ही ठरवलं आणि कात्री माझ्या हातात दिली. पुढच्या वर्षी कॉन्फरन्स संपली, आपण स्कूटरवर घरी येऊन राहिलो होतो. फाफाडीहच्या चौकात लाल दिव्याले थांबलो तेव्हा तुम्ही अर्धी मान वळवून विचारलं, "बाई, मले सांगायचं काही राहिलं काय?" तुमचा तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. इतका हळू, की बाजूच्या ट्रकच्या आवाजात मले अंदाजानंच समजून घ्यावा लागला. कशाबद्दल विचारून राहिले ते मले बरोबर कळलं. मी म्हटलं, "नाही बाबा." तुम्ही म्हणाले, "बरं." दिवा हिरवा झाला.

दरवर्षी तुम्ही विचारलं. कधी त्या चौकात, कधी घराच्या फाटकाशी स्कूटर स्टँडवर लावताना. शब्द तेच, आवाज तोच. शेवटच्या वर्षी तुमच्यानं लटकणं झालं नाही, डॉक्टरांनी मना केलं होतं. मी पहिल्यांदा बेल्ट चढवला, तुम्ही खुर्चीवर बसून पट्टे ओढून तपासले, "ढिला आहे, अजून आवळ" म्हणून ओरडले. स्टूल उडवताना मी डोळे मिटले आणि झटक्यासरशी उघडले, तर तुम्ही उठून उभे होते, दोन्ही हात पुढं केलेले. परतताना आपण ऑटोत होतो. तुम्ही धापा टाकत होते, तरी विचारलं. मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "नाही बाबा, काही नाही." पुढची कॉन्फरन्स यायच्या आधीच तुम्ही गेले.

काल घरी येताना माझी पोट्टी गाडी चालवून राहिली होती. तिले मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतच देते. म्हणे, "मम्मी, नानाजी आपको बहुत डाँटते थे ना?" मी हो म्हटलं. तिले खरी गोष्ट सांगीन, आज ना उद्या. पुढच्या वर्षी माइक हातात आला तर तिथंही दोन सांगीन, ते काही आता कठीण राहिलं नाही.

हा कागद कुठं पाठवणार? कात्रीच्या पेटीत ठेवून देईन. पण लिहायले बसली ती दोन बेल्टांसाठी नाही, ते तर तुम्हाले माहीतच होते. तुम्ही पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी भीतीनं नाही म्हटलं, हे खरं. दुसऱ्या वर्षी भीती उरली नव्हती, बाबा, तरी नाहीच म्हटलं. सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तुम्ही त्या हळू आवाजात विचारलं नसतं.