बाबांच्या अंगठ्याचं नख

मंगळवार, जून. खरड, पंजाब

मागच्या डेअरीवाल्या भाभी संध्याकाळी जिन्यात भेटल्या. त्यांच्या दिराला तापात हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून चंडीगडला दवाखान्यात नेलंय. डॉक्टरांना काँगो तापाची शंका आहे. गोचीड चावला किंवा हातांनी चिरडला तरी होतो म्हणे. "आप लोग भी ध्यान रखना जी."

मला एकदम सासऱ्यांचं नख आठवलं.

सोलापूरहून आल्यापासून बाबांना इथे विरंगुळा एकच. दूध आणायला मागच्या डेअरीत जायचं, गाईंच्या कानामागचे गोचीड काढायचे आणि नखाखाली चिरडायचे. गावी जन्मभर तेच केलंय. परवा नखाच्या कडेला चीर पडली होती. मीच हळद लावून दिली. किती साधी वाटली होती ती चीर.

वर येऊन विचारलं, "बाबा, हात धुतले होते ना?"

"पुसले की गाईच्याच अंगाला. गोचीड म्हणजे काय साप आहे होय गं?"

चिऊ त्यांच्या मांडीवर चढत होती. मी तिला ओढलंच.

"मम्मा, आजोबा के पास क्यों नहीं जाना?"

बाबा उठून आत जाऊन पडले. मी उगाच घाबरतेय का? चीर आता बुजलीय. पण परवा उघडी होती, आणि ते परवाही डेअरीत गेले होते. हे अजून ऑफिसातच आहेत, फोन उचलत नाहीत.

आत्ता बाबांनी हाक मारली. थंडी वाजतेय, कूलर बंद कर म्हणतात.

लाइट मघाशीच गेलीय. कूलर बंदच आहे.